आपांचं कुलूप

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी, आणि अजूनही चार ओळी लिहायला बसलो की वाटतं, मागून कोणीतरी येऊन विचारील, तू कोण रे लिहिणारा? बाबा रातपाळीला कापडाच्या लूमवर, आई घरात बसून कपड्याचे धागे कापणार. आमच्याकडे लिहिलेला कागद म्हणजे लाइट बिल नाहीतर शाळेचा दाखला. कॉलेजच्या अंकासाठी मराठीच्या सरांनी मला ‘वाचनाबद्दल काहीतरी लिही’ म्हणून सांगितलं. वाचनाबद्दल लिहायला बसलो आणि हातून भीतीबद्दलच लिहून व्हायला लागलं, कारण मी जिथं वाचायला लागलो ती जागा आता उरलेली नाही.

वाचनालय सांभाळणाऱ्या आपांना मी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, “लिही. पण माझं नाव घालू नकोस, आणि मला मोठी करू नकोस.” म्हणून इथं नाव कुणाचंच नाही. दुसरी अट मला पाळता येईल की नाही, ठाऊक नाही.

आमची तीन मजली इमारत भिवंडीत ‘लायब्ररीवाली बिल्डिंग’ म्हणून ओळखली जायची. तळाला मालकाचा लूमचा कारखाना. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, वाचनालयाची एक लांबट खोली. बाकी सगळीकडे आमच्यासारखी पगडी भरून भाड्यानं राहणारी बिऱ्हाडं. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा होता. त्याला कुलूप लावलेलं मी लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. बारा महिने माणसांची ये-जा, लावणार कधी?

आपांचं घराणं खाडीकडचं, जुनं कोकणी मुसलमानांचं. वाचनालयात एका भिंतीला मराठी पुस्तकं, समोरच्या भिंतीला उर्दू, आणि मधल्या टेबलापाशी आपा. येणाऱ्यांतली निम्मी माणसं पुस्तकासाठी येतच नसत. कुणाच्या रेशनकार्डावर सुनेचं नाव चढायचं असे, कुणाच्या पोराला शाळेत घेत नसत, कुणाला रक्त हवं असे. आपा आधी पाणी देत, मग ऐकून घेत, मग चपला घालून त्या माणसाबरोबर निघत. जाताना टेबलावर वाचत बसलेल्या कुणालाही म्हणत, “जरा बघ हं इकडे.” तेवढ्यावर वाचनालय चालू राहायचं.

आमच्या वाचनालयाची एक रीत होती, ती दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही. खाली लूम चालू असले की जमीन सतत थरथरायची, आणि त्या थरथरीनं फळीवरची पुस्तकं हळूहळू पुढं सरकत यायची. संध्याकाळपर्यंत काही पुस्तकं अर्धी बाहेर लोंबत असत. म्हणून घरी जाताना प्रत्येक वाचकानं एका कपाटातली पुस्तकं मागं सारून जायचं. तळहात लावून, सावकाश. आपा पुस्तकांना म्हणायच्या, “चला, आपापल्या घरी.” एखादा नवा माणूस तसाच निघाला तर त्या चष्म्यावरून बघत. “काय हो, आमच्या लेकरांना रस्त्यावर सोडून निघालात?”

त्या थरथरीची आम्हाला कधीच भीती वाटली नाही. ती थरथर म्हणजे आमच्या बिल्डिंगचा श्वास, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या दाराची कडी लागेना. लाकडी दार पावसाळ्यात फुगतं आणि चौकटीत अडकतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कोरड्या थंडीत ते कशाला फुगेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. आईनं गल्लीतल्या सुताराला बोलावलं. त्यानं रंधा मारला, दार लागलं. दोन दिवसांनी शेजारच्यांचं दार अडकलं. मग वरच्या मजल्यावरच्या चाचांचं. चाचा म्हणजे लूमवरून निवृत्त झालेले एकटे म्हातारे गृहस्थ, सगळ्या बिल्डिंगची थट्टा करण्याचं काम त्यांच्याकडे. सुतार जिन्यातून वर-खाली करत हसत होता, “क्या चाचा, पूरे बिल्डिंग का दरवाजा मोटा हो गया?”

“मालिक ने खिलाया होगा,” चाचा म्हणाले. “हमको तो कभी नहीं खिलाया.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

मग वाचनालयाचं दार अडलं. मी तेव्हा टेबलाशी वाचत होतो. सुतारानं रंधा लावला, लाकडाच्या सालींचा ढीग उंबऱ्याशी पडला. आपा केरसुणी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, “वरच्यांची दारं कुठं घासलीस रे?”

“इधरीच. ऊपर का कोना, सीढी के साइड का.”

“सगळ्यांचा तोच कोपरा?”

“हां आपा, सबका.” एवढं बोलून तो थांबला. रंधा हातातच राहिला.

आपा केरसुणी भिंतीला टेकवून म्हणाल्या, “मग दारं नाही रे वाढली. भिंत बसलीय.”

सुतारानं त्या दाराचे पैसे घेतले नाहीत. हत्यारं पिशवीत भरली आणि जिना उतरताना एकदाही कठड्याला हात लावला नाही, हे मला अजून आठवतं.

आपा त्याच दुपारी पालिकेत गेल्या. इंजिनिअर येऊन बघून गेले, ठोकून गेले, आणि इमारत धोकादायक असल्याची नोटीस जिन्यात चिकटली. रिकामी करा, असं त्यांनी तोंडीही नीट समजावून सांगितलं. मग लाइट कापली. लूम थांबले.

लूम थांबल्यावरची शांतता मी कशी सांगू? जन्मल्यापासून तो आवाज कानात होता. तो गेला आणि त्याच्याखाली दबलेले बिल्डिंगचे स्वतःचे आवाज ऐकू यायला लागले. भिंतीच्या आत कुठंतरी वाळू घरंगळल्यासारखं वाटायचं. दुपारी उन्हानं वरची लोखंडी सळई कुरकुरायची. जेवताना भातात दाताखाली कच्च व्हायचं. आई बहिणीला म्हणायची, तांदूळ नीट निवडला नाही गं मी. तिलाही ठाऊक होतं.

खोली मात्र रिकामी सोडायची नाही, ही आमच्याकडची पक्की शिकवण. पगडीच्या खोलीत माणूस आहे तोवर खोली आपली. बाहेर पडलात की मालकाचं कुलूप. मग भांडत बसा जन्मभर. याला आमच्यात ‘ताबा ठेवणं’ म्हणतात. त्यामुळं नोटीस लागल्यावर बिल्डिंगमधून बायका-पोरं नातेवाइकांकडे गेली आणि प्रत्येक घरानं एकेक माणूस मागं ठेवला. आई आणि बहीण शेलारला मामाकडे गेल्या. बाबाची रातपाळी दुसऱ्या कारखान्यात, तो सकाळी येऊन दुपारपर्यंत झोपायचा. उरलेला वेळ खोलीत कोण? मी.

“तुझा अभ्यास पन होईल,” बाबा म्हणाला. “आता शांत हाय.”

मी नाही म्हटलं नाही. घरासाठी मी काहीच करत नव्हतो, नुसता शिकत होतो. खोलीत बसून राहणं एवढं तरी मला जमायला हवं होतं.

दिवस मावळला की मी दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून बसायचो, कारण चौकट सगळ्यात शेवटी पडते असं कुणीतरी म्हणालं होतं. पायातल्या चपला काढायचो नाही. कपाटामागच्या भिंतीत एक भेग होती, तिच्यावर मी कणकेची चपटी गोळी थापून ठेवली. भेग वाढली तर कणीक तडकेल, असा हिशोब. सकाळी कणीक तडकलेली. मग लक्षात आलं की वाळल्यावर कणीक अशीही तडकतेच. म्हणजे मला काहीच कळलं नव्हतं. मी पुन्हा नवी गोळी लावली. ती तडकली. मी पुन्हा लावली. आता वाटतं, मला कळायला नकोच होतं.

वरून चाचांची हाक यायची, “कॉलेजवाले, जिंदा है क्या?”

“है चाचा.”

“पढ़, पढ़. गिरेगी तो कम से कम पढ़ा-लिखा मरेगा.”

त्यांच्या थट्टेनं धीर यायचा. पण एकदा हाक यायला उशीर झाला, तेव्हा मी वर धावत गेलो. चाचा जिन्याच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. मला बघितल्यावर म्हणाले, “थंडी है.” थंडी तेव्हा संपली होती.

आपा रोज सगळे मजले चढायच्या. गुडघ्याचा त्रास असून चढायच्या. प्रत्येक दारात उभं राहून तेच सांगायच्या: समोर चहावाल्याची पत्र्याची शेड आहे, त्यानं जागा दिलीय, वर ताडपत्री घालू. आपापल्या खोलीला आपलं कुलूप लावा आणि समोर बसून पाळीपाळीनं राखण करा. ताबा नजरेनंही ठेवता येतो. लोक ऐकून घ्यायचे आणि जागचे हलायचे नाहीत.

एका सकाळी सगळ्यांच्या देखत, गॅलरीतच, चाचांनी विचारलं, “आपा, मी उतरलो आन् मालकानं ताला मारला, तर मी राहू कुठं? तुमच्या कपाटात?”

“राहा की. उर्दूच्या कपाटात जागा आहे.”

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. “नहीं, मजाक नहीं. या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जुना ताबा लायब्ररीचा. आमच्या आधीपासूनचा. तुम्ही सोडता का? तुम्ही सोडा, मग आम्हाला सांगा.”

आपांनी ओढणी सारखी केली आणि भिंतीला हात लावत खाली गेल्या. मला वाटलं, हरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वाचनालय रिकामं करायला घेतलं. कारखान्यातलं कोरं कापड अंथरून त्यावर पुस्तकं, वर चार गाठी. ताबा ठेवायला मागं राहिलेले आम्ही सगळे जिन्यात ओळीनं उभे राहिलो आणि गाठोडी हातोहात खाली शेडकडे दिली. कुणी कुणाला हळू म्हणून सांगत नव्हतं, तरी सगळे पाय दबकत टाकत होते. दोन कपाटंही उतरवली, त्यांतलं एक उर्दूचं. वळणावर ते भिंतीला घासलं, मूठभर गिलावा खाली आला, आणि आम्ही सगळे कपाट तसंच धरून श्वास रोखून उभे राहिलो. आपा खालून म्हणाल्या, “चला, आपापल्या घरी.” आवाज नेहमीसारखा होता. तेव्हा कुठं पाय हलले.

दिवस मावळायच्या आत मालकाचा माणूस आला आणि वाचनालयाच्या रिकाम्या खोलीला नवं कुलूप ठोकून गेला. त्यानं आपांचं जुनं पितळी कुलूप त्यांच्या हातात दिलं. मुठीत न मावणारं, घासून घासून पिवळंधमक झालेलं. आपांनी ते पदरानं पुसल्यासारखं ओढणीनं पुसलं.

“घर गेलं, कुलूप राहिलं,” त्या म्हणाल्या आणि ते पर्समध्ये टाकलं.

चाचांनी हे वरून बघितलं. सकाळी ते वळकटी आणि स्टोव्ह घेऊन खाली आले. आपांच्या समोर वळकटी टाकून म्हणाले, “वर आता शरम वाटते.” मग एकेक करून आम्ही सगळेच उतरलो. आपांनी मालकाला शेडपाशी बोलावलं आणि चारचौघांत विचारलं, बाकीच्या खोल्यांना हात लावणार नाही ना? तो नुसतं “बघू” म्हणाला. त्या ‘बघू’च्या भरवशावर आम्ही उतरलो होतो.

बिल्डिंग मात्र पडेना.

होळी गेली, ऊन चढलं. ताडपत्रीखाली भट्टीसारखं व्हायचं. समोरून दापोड्याच्या गोदामांकडे जाणारे ट्रक, धूळ, हॉर्न. रस्त्यानं जाणारे-येणारे विचारायचे, “आपा, मुहूर्त काढलाय का पडायचा? आम्हालाबी बोलवा.” पाळीवर बसलेली माणसंही कुरकुरायला लागली. कुणी आंघोळीचं निमित्त करून वर जायचं, कुणी देवाला दिवा लावायला. पडायची भीती जात चालली होती. मला त्या भीती जाण्याचीच भीती वाटायची. उघड बोलायचो नाही. आधीच सगळे मला पुस्तकातला किडा म्हणायचे.

आणि बाबा रोज वर जाऊन झोपायला लागला.

आपांनी त्याला अडवलं तेव्हा मी तिथंच होतो. बाबा नुकताच पाळीवरून आलेला, केसांत कापसाची तूस, डोळे लाल.

“आपा, तुमचा मान हाय,” तो म्हणाला. “पन हितं मला झोप न्हाय लागत. आन् झोप न्हाय झाली तं रातच्याला मशीनसमोर डोळा लागतो. मशीन काय नोटीस देत न्हाय. सरळ हात घेते.”

“माझ्या घरी झोपा. मागची खोली रिकामी आहे.”

“तुमच्या घरात सगळ्या बाया. मी कसा झोपू? बरा दिसल का?”

दोघंही खरंच बोलत होते, हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. बाबा मान खाली घालून जाळीतून आत गेला. तो वर झोपलेला असायचा तेवढा वेळ आपा शेडमधल्या खुर्चीवरून जिन्याकडे बघत बसायच्या. कुणी पुस्तक मागितलं तर हातानंच कपाट दाखवायच्या.

मग माझी परीक्षा आली. केंद्र कल्याणला. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी बाबा डबा घेऊन पाळीला निघाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, “बाबा, उद्या वर नको झोपू. मी नसणार.”

“तू असतोस तं काय बिल्डिंग धरून ठेवतोस?” तो हसला. मग माझा चेहरा बघून जरा थांबला. “तू तुझा पेपर दे. बिल्डिंगचा पेपर मी देतो.”

सकाळी तो पाळीवरून यायच्या आधीच मी निघालो. आपा तोवर आल्या नव्हत्या.

पेपर बरा गेला. कल्याणहून शेअर रिक्षात बसलो. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरला फोन आला. तो ठेवून त्यानं मागं न बघताच सांगितलं, “आगे से नहीं जाएगी गाड़ी. भिवंडी में बिल्डिंग बैठ गई. रोड बंद है.”

“कौनसी?” माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं.

“वो लायब्ररीवाली बोलते ना, वो.”

मी बाबाला फोन लावला. बंद. बाबा झोपताना फोन बंद करतो. म्हणजे तो झोपला होता. कुठं, ते फोन सांगत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा बंद. आपांना लावला, रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. शेजारचा माणूस विचारत होता, “घर है क्या उधर? कोई था अंदर?” मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. शेलारला आईचा फोन लावायला बोट नेलं आणि मागं घेतलं. तिनं विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

नाक्याला रिक्षा थांबली. तिथून मी धावलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी दोर बांधला होता. पलीकडे हवा पांढरी झालेली, आणि जिथं बिल्डिंग दिसायची तिथं मागच्या मशिदीचा मनोरा दिसत होता. तो आमच्या गल्लीतून मी कधी बघितला नव्हता. ताडपत्री एका बाजूनं फाटून लोंबत होती. पुस्तकांची गाठोडी राखेसारखी करडी. आपांची खुर्ची रिकामी. चाचा दिसेनात. बाबा दिसेना.

रस्त्याच्या अंगाचा एक तुकडा तेवढा उभा होता, जिन्याचं तोंड आणि त्यातली लोखंडी जाळी. जाळी पूर्ण ओढलेली होती. तिला कुलूप होतं. मुठीत न मावणारं, पितळी.

ते कुणाचं, हे मला लगेच कळलं. आपांनी जाळी लावली, ती कुणी वर जाऊ नये म्हणून. पण बाबा आधीच वर गेला असेल तर? तो मान खाली घालून, कुणाशी न बोलता जातो. त्यांनी नसेल बघितलं तर? आतल्या माणसाला बाहेर यायची ती एकच वाट होती.

मी दोराखालून घुसलो. पोलीस ओरडला. तेवढ्यात कुणीतरी मागून दंड धरला. चहावाला होता, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला.

“किधर घुसता है? रुक. रुक बोला ना!”

“बाबा...” एवढंच माझ्या तोंडून निघालं.

“तेरा बाप ठीक है. सुन. आपानं सकाळीच ताला मारला, सगळ्यांच्या आधी येऊन. तेरा बाप ड्युटीवरून आला, ताला बघितला आणि आपाला काय काय बोलला, पूरे रोड ने सुना. माझ्या घराला ताला मारणारी तू कोण, बोलला. आपा बोलली, पोलीस बुलाओ, चाबी नहीं दूँगी. मग तो शिव्या देत उर्दूच्या कपाटाच्या मागं आडवा झाला. लगेच घोरायला लागला. गिरी तब उठा. डोळ्यांत धूळ गेलीय, बस. आपा आणि चाचा त्याला दवाखान्यात घेऊन गेलेत डोळे धुवायला.” त्यानं माझा दंड अजून सोडला नव्हता. “आत कोणी नव्हतं.”

मी कुलपाकडेच बघत होतो, म्हणून त्यानं मला हलवलं आणि तोंड कानाजवळ आणून पुन्हा सांगितलं.

“अरे, आत कोणीच नव्हतं.”